इंजिन, गिअरबॉक्स आणि टॉर्कचा खरा आकडा

अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वायव्य टोकाला, कोलोरॅडो नदीवर डेव्हिस धरण आहे. तिथून पूर्वेला जाणारा स्टेट रूट ६८ हा रस्ता युनियन पासच्या खिंडीपर्यंत चढत जातो. चढण ११.४ मैलांची, म्हणजे अठरा किलोमीटरांहून थोडी जास्त, आणि तेवढ्यात गाडी सुमारे तीन हजार फूट वर येते. पिकअप ट्रक किती वजन ओढू शकतो हे जाहीर करण्यासाठी एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेनं जे२८०७ नावाचं मानक केलं आहे. त्यातली सगळ्यात खडतर परीक्षा या चढणीची. बाहेर किमान १०० अंश फॅरनहाइट तापमान, एसी पूर्ण जोरात, मागे कमाल वजनाचा ट्रेलर, आणि मागे दोनच चाकं असलेल्या नेहमीच्या पिकअपचा वेग ताशी ४० मैलांखाली येता कामा नये.

कंपनी ट्रकच्या संगणकात जे आकडे भरून पाठवते, ते असा दिवस डोळ्यांपुढे ठेवून. शिवाय अलास्काची थंडी, कोलोरॅडोच्या डोंगरातली विरळ हवा, पंपावरचं सगळ्यात स्वस्त पेट्रोल, तेल बदलायला विसरणारा मालक आणि वर्षानुवर्षांची वॉरंटी, हे सगळं एकाच आकडेमोडीनं सांभाळायचं असतं. त्यामुळे कंपनी प्रत्येक ठिकाणी थोडं राखून चालते. कस्टम ट्यून करणारा माणूस हीच राखीव जागा एका विशिष्ट ट्रकसाठी, त्याच्या मालकाच्या वापराप्रमाणे, नव्यानं वाटून देतो. एकही पाना न फिरवता गाडीचा स्वभाव बदलतो, ही गोष्ट मला आजच्या यंत्रविद्येतल्या मोठ्या नवलांपैकी एक वाटते.

आपल्याकडे पिकअप म्हटलं की टोमॅटोचे क्रेट घेऊन पहाटे मार्केट यार्डात शिरणारी गाडी डोळ्यांसमोर येते. अमेरिकन पिकअप हे निराळंच प्रकरण आहे. फोर्डची एफ-मालिका १९७७ पासून तिथला सर्वाधिक खपाचा ट्रक आहे, आणि तो घेणारे कितीतरी जण त्यातूनच कामावर जातात, मुलांना शाळेत सोडतात आणि सुट्टीच्या दिवशी त्यालाच बोट किंवा घोड्यांचा ट्रेलर जोडतात. २०२१ च्या एफ-१५० मध्ये साडेतीन लिटरचं इकोबूस्ट इंजिन आणि योग्य जोडसामान घेतलं तर १४ हजार पौंड, म्हणजे सुमारे ६,३५० किलो, ओढता येतात. इंजिन सहा सिलिंडरचं, हवा दाबून भरणाऱ्या दोन टर्बोंचं, ४०० अश्वशक्तीचं आणि ५०० पौंड-फूट टॉर्कचं (टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर). त्याला जोडलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दहा गिअरचा. फोर्ड आणि जनरल मोटर्स या जुन्या प्रतिस्पर्ध्यांनी तो मिळून विकसित केला आणि २०१७ च्या मॉडेलपासून तो एफ-१५० मध्ये बसू लागला. पुढचं बरंचसं वर्णन याच जोडीला धरून केलं आहे, कारण ट्यूनिंगची विद्या आज कुठवर पोचली आहे ते तिच्यात स्पष्ट दिसतं.

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की केबल ओढली जाऊन हवा आत सोडणारा थ्रॉटल उघडतो, ते दिवस गेले. आता पायाखालचा सेन्सर संगणकाला फक्त एवढंच कळवतो की पाय किती दाबला आहे. संगणक एका कोष्टकात बघतो: पाय इतका, इंजिनाचे फेरे इतके, तर चालकाला टॉर्क किती हवा असेल? तो आकडा हाती आला की उलटा हिशेब सुरू होतो. इतक्या टॉर्कसाठी सिलिंडरमध्ये हवा किती लागेल, ती आणायला थ्रॉटल किती उघडायचा, टर्बोचा दाब किती ठेवायचा, व्हॉल्व्ह केव्हा उघडायचे, इंधन किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची. मागितलेल्या टॉर्कला वाटेत बऱ्याच जागी कात्री लागते. गिअरबॉक्सच्या क्लचची मर्यादा, टर्बोच्या फेऱ्यांची, धुराच्या नळीतल्या उष्णतेची, अशा अनेक मर्यादा एकाच वेळी तपासल्या जातात आणि त्यात जी सगळ्यात कमी भरेल ती लागू होते. नुसता टर्बोचा दाब वाढवून ट्रक जोरात पळत नाही तो यामुळेच. एक मर्यादा उठवली की तिच्यामागची दुसरी पुढे येते. ट्यूनर मंडळींचा निम्मा वेळ ट्रकला नेमकं कोण अडवतंय हे शोधण्यात जातो.

ठिणगीचं काम सगळ्यात नाजूक. पिस्टन वर पोचण्याच्या थोडं आधी ठिणगी पडावी लागते, कारण मिश्रण पेटायला वेळ लागतो आणि जळणाचा सर्वोच्च दाब पिस्टन खाली उतरायला लागल्यावर, क्रँकशाफ्टचा दांडा साधारण बारा ते सोळा अंश फिरल्यावर, यावा लागतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर दांडा एक अंश फिरायला सेकंदाचा अठरा हजारावा भाग लागतो. त्याच वेगानं सहा सिलिंडरांत मिळून सेकंदाला दीडशे ठिणग्या पडतात, आणि त्यातल्या प्रत्येकीची वेळ संगणक स्वतंत्रपणे ठरवतो. एक-दोन अंश लवकर पाडली की टॉर्क वाढतो. आणखी लवकर पाडली की न जळलेलं मिश्रण स्वतःहून भडकतं आणि इंजिन खटखटायला लागतं. घाटात जड गाडी वरच्या गिअरमध्ये रेटल्यावर जो कडकड आवाज येतो, तोच हा. नेहमीच्या जीपमध्ये तो कानाला ऐकू येतो. टर्बोच्या इंजिनात ऐकू येईपर्यंत कधीकधी पिस्टनचं नुकसान होऊन गेलेलं असतं.

म्हणून इंजिनाच्या ठोकळ्यावर पीझो स्फटिकाचे नॉक सेन्सर घट्ट बसवलेले असतात. इकोबूस्टच्या सिलिंडरचा व्यास ९२.५ मिलिमीटर, एवढ्या पोकळीत ही खटखट सेकंदाला सुमारे सहा हजार कंपनांच्या आसपास घुमते. सेन्सर इंजिनाच्या सगळ्या गोंगाटातून नेमका तेवढा सूर, नेमक्या त्या सिलिंडरच्या जळण्याच्या वेळीच ऐकतो आणि संगणक त्या सिलिंडरची ठिणगी काही अंश मागे घेतो. खटखट थांबली की हळूहळू पुन्हा पुढे सरकवून बघतो. फोर्डच्या या इंजिनांचा संगणक याच अनुभवावरून पेट्रोल किती चांगलं आहे याचा अंदाजही बांधून ठेवतो: उणे एक म्हणजे उत्तम, अधिक एक म्हणजे वाईट. ट्यूनर मालकाची हकिगत ऐकायच्या आधी हा आकडा बघतो. मालक म्हणत असतो की टाकीत महाग पेट्रोल आहे, आणि आकडा कधीकधी वेगळंच सांगतो.

पेट्रोलचा प्रश्न खरोखर पहिला. अमेरिकेतल्या पंपावरचा ऑक्टेन आकडा दोन चाचण्यांची सरासरी काढून लिहितात. आपल्याकडे त्यातल्या एकाच चाचणीचा आकडा सांगतात. त्यामुळे तिथलं ८७ आणि आपलं ९१ यांत फारसं अंतर नाही. कॅलिफोर्नियात महाग पेट्रोल म्हणजे ९१, टेक्ससमध्ये ९३ सहज मिळतं, रॉकी पर्वताच्या राज्यांत साधं पेट्रोल ८५ चंही असतं. एकाच कारखान्यातून, एकाच आठवड्यात निघालेल्या दोन ट्रकांचं ट्यून मालकांच्या गावांप्रमाणे वेगळं करावं लागतं ते यामुळे. ९३ साठी बेतलेली ट्यूनची फाइल संगणकात भरून टाकीत ८७ टाकलं तर सेन्सर वाचवायचा प्रयत्न करतील, पण मग चूक पोटात घालायला काही शिल्लक राहत नाही.

आणखी एक धोका आहे, आणि तो चांगल्या ट्यूनरला हलक्या ट्यूनरपासून वेगळा ओळखू देतो. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत, फेरे कमी आणि भार जास्त असताना, तेलाचा एखादा थेंब किंवा काजळीचा कण ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतो. पिस्टन अजून वर येत असतो आणि वरून स्फोटाचा दाब येतो. अशा एका झटक्यातही पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटू शकते. ठिणगी मागे घेऊन यावर उपाय होत नाही, कारण ठिणगीचा यात हातच नसतो. या टर्बोंना अगदी खालच्या फेऱ्यांतच भरपूर दाब देता येतो, आणि तो दिला की सिग्नलवरून निघताना मालक खूश होतो. जाणता ट्यूनर तो मोह आवरतो. फेरे वर येईपर्यंत टॉर्क आवरता ठेवतो आणि गिअरबॉक्सला सांगतो की इंजिनाला खालच्या फेऱ्यांत रेटू नकोस, गिअर लवकर खाली घे. इंजिनाच्या दुखण्यावरचं औषध अशा वेळी गिअरबॉक्सच्या कोष्टकात असतं.

त्या गिअरबॉक्समध्ये ग्रहमालिका गिअरांचे चार संच आणि सहा क्लच आहेत. कुठल्याही गिअरमध्ये सहापैकी चार क्लच घट्ट आणि दोन मोकळे. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४.७०, दहाव्याचं ०.६४. एका गिअरमधून पुढच्यात जाताना एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो, आणि हे दोन्ही इंजिनाचा जोर चालू असतानाच घडतं. धरणाऱ्या क्लचमागच्या पोकळीत आधी तेल भरावं लागतं, मग त्याचा पिस्टन थोडासा सरकतो, मग चकत्या एकमेकींना टेकतात, आणि त्यानंतर खरा दाब चढतो. भरणं थोडं कमी पडलं तर जुना क्लच सुटलेला आणि नवा धरायचा राहिलेला, अशा मधल्या क्षणी इंजिनाचे फेरे भर्रकन वर जातात. जास्त झालं तर दोन्ही क्लच एकदम धरतात आणि ट्रकला मागून कोणी धरून ठेवल्यासारखा हिसका बसतो. या दोहोंमधलं अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजायचं. तेल तापलं की पातळ होतं, मग हीच वेळ पुन्हा बदलते.

कारखान्यात बनलेले दोन गिअरबॉक्ससुद्धा हुबेहूब एकसारखे नसतात. तेलाचा दाब सोडणाऱ्या सोलेनॉइडांचा संच मोजून त्याला सांकेतिक क्रमांक देतात आणि त्या संचाची मापं ट्रकच्या संगणकात भरतात. पुढे ट्रक चालू लागला की संगणक प्रत्येक बदलाला लागलेला वेळ पाहून स्वतःला दुरुस्त करत राहतो. नवं ट्यून भरल्यावर ही शिकलेली माहिती बहुधा पुसावी लागते, आणि मग पहिल्या काही दिवसांत गिअर कधी आपटतात, कधी रेंगाळतात. घाबरून लगेच ट्यूनरला फोन करणारे मालक बरेच असतात. शांतपणे, वेगवेगळ्या वेगांनी, तेल नीट तापू देऊन ट्रक चालवला की तो सुरळीत होतो.

चाकं बदलल्यावर ट्यूनची गरज सगळ्यात उघड दिसते. समजा मालकानं ३२ इंची टायर काढून ३५ इंची चढवले. प्रत्येक फेऱ्यात ट्रक आता नऊ टक्क्यांहून जास्त अंतर कापतो. काट्यावर ताशी ६० मैल दिसत असताना ट्रक साडेपासष्टनं धावत असतो आणि मैलांची नोंद कमी होते. शिवाय इंजिनाला प्रत्येक गिअर आधीपेक्षा जड झालेला. संगणकाला हे काहीच ठाऊक नसतं, तो जुन्याच वेगांवर वरचा गिअर टाकत राहतो, आणि हलक्या चढावर ट्रक सहाव्या-सातव्या गिअरमध्ये उगाच ये-जा करू लागतो. ट्यूनर टायरचं माप दुरुस्त करतो, मागच्या आसाचं गुणोत्तर बदललं असेल तर तेही, आणि मग गिअर बदलण्याचे वेग एकेक करून पुन्हा बसवतो. यात एक अश्वशक्तीही वाढत नाही. पण मालकाला रोज जाणवणारा फरक बहुधा याच कामामुळे पडतो.

आता ज्या आकड्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच ट्यून करावे लागतात, त्याबद्दल. क्लच किती दाबानं धरायचा हे गिअरबॉक्स कशावरून ठरवतो? इंजिन स्वतःचा जो टॉर्क सांगतं त्यावरून. तो मोजायचं स्वतंत्र साधन बहुतेक ट्रकांत नसतं. इंजिनाचा संगणक हवा, इंधन आणि ठिणगी यांवरून टॉर्कचा हिशेब करून कळवतो आणि गिअरबॉक्स त्यावर विश्वास ठेवतो. उलट दिशेनंही असंच चालतं. गिअर बदलताना गिअरबॉक्स इंजिनाकडून क्षणभर टॉर्क कमी करून मागतो, इंजिन ठिणगी मागे घेऊन तो देतं, क्लच बसला की पुन्हा पूर्ववत.

हा विश्वास मोडला की काय होतं ते २००१ नंतर अमेरिकेनं भरपूर पाहिलं. त्या वर्षी जनरल मोटर्सच्या मोठ्या पिकअपमध्ये इसुझूबरोबर मिळून तयार केलेलं ६.६ लिटरचं डुरामॅक्स डिझेल इंजिन आलं, ३०० अश्वशक्तीचं, आणि त्याच्यामागे अ‍ॅलिसनचा गिअरबॉक्स. बाजारात लगेच छोट्या पेट्या विकायला आल्या. सेन्सर आणि संगणक यांच्या तारेत पेटी जोडायची. ती संगणकाला इंधनाचा दाब खरा असतो त्यापेक्षा कमी सांगायची, आणि संगणक भाबडेपणानं इंधन वाढवायचा. ताकद खरोखर वाढायची. पण इंजिनाचा संगणक पुढे गिअरबॉक्सला कळवत होता तो टॉर्क जुनाच. अ‍ॅलिसन तेवढ्याच दाबानं क्लच धरून ठेवायचा आणि क्लच घसरायचे. त्या गिअरबॉक्सची योजना मात्र इतकी चोख होती की आत-बाहेरच्या फेऱ्यांचा मेळ बसत नाही हे पाहताच तो स्वतःला वाचवण्यासाठी एका गिअरमध्ये थांबायचा, दिवा लावायचा आणि पुढे बदल करायला नकार द्यायचा. तरीही रेटत राहणाऱ्यांचे क्लच जळाले.

नंतरच्या पिढीतल्या ट्यूनरांनी यातून धडा घेतला. पेटी टाकून द्यायची आणि संगणकातली कोष्टकंच बदलायची. इंजिनाची ताकद वाढवायची तर टॉर्कचा हिशेबही तसाच सुधारायचा, म्हणजे गिअरबॉक्सला खरा आकडा मिळेल. आणि त्याप्रमाणे तेलाचा दाब, क्लचची वेळ, इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरचं कुलूप कधी लावायचं, हे सगळं नव्यानं ठरवायचं. माझ्या मते ट्यूनरची पारख इथेच होते. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, मोठा आकडा काढून दाखवणारे पुष्कळ भेटतात. गिअरबॉक्सशी खोटं न बोलता तो काढणारे थोडे, आणि त्यांच्याकडे लांबलांबून काम येतं.

काम येतं ते आता बहुधा दुरून. ऐंशीच्या दशकात हीच करामत करायला संगणक उघडून काही किलोबाइटची चिप काढावी लागे. तिच्या पाठीवरच्या काचेच्या खिडकीतून अतिनील प्रकाश टाकून जुने आकडे पुसायचे आणि नवे लिहायचे. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत प्रत्येक नव्या मोटारीला स्टिअरिंगखाली एकसारखं निदान-सॉकेट सक्तीचं झालं आणि दार उघडलं. आज मालक तळहाताएवढं यंत्र त्यात लावतो. यंत्र ट्रकची मूळ फाइल वाचून जपून ठेवतं आणि बहुधा त्या एका ट्रकशीच बांधलं जातं. ट्यूनरची फाइल ईमेलनं येते. ती भरताना बॅटरीला चार्जर लावून ठेवतात, कारण मध्येच व्होल्टेज पडलं तर संगणक अर्धवट लिहिलेला राहतो आणि ट्रक जागचा हलत नाही.

मग येतात लॉग. इंजिन नीट तापवून, मोकळ्या जागी किंवा डायनोच्या रोलरवर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन ट्रक पळवायचा. यंत्र सेकंदाला अनेकदा दहा-वीस गोष्टी नोंदवत जातं. ट्यूनर त्या रांगा वाचतो. समजा ४,५०० फेऱ्यांवर चौथ्या सिलिंडरची ठिणगी तीन अंश मागे गेली आहे आणि बाकीच्या पाचांची जागेवर आहे. पेट्रोल खराब असतं तर सहाही मागे गेल्या असत्या. म्हणजे त्या एका सिलिंडरचा प्लग बघायला हवा. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब यांत फरक पडत असेल तर टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या नळीचा क्लॅम्प सैल असू शकतो. इंधनाच्या रेलमधला दाब वरच्या फेऱ्यांत खाली बसत असेल तर पंपानं मर्यादा गाठली, आणखी ताकद मागायची नाही. कधीही न पाहिलेल्या ट्रकचा सैल क्लॅम्प हजार मैलांवरून आकड्यांत सापडतो! दुरुस्त फाइल जाते, नवा लॉग येतो, आणि ही देवाणघेवाण तीन-चार वेळा होते. ट्रेलर ओढणाऱ्यांनी शेवटचा लॉग ट्रेलर जोडूनच द्यावा. रिकाम्या ट्रकवर गोड वाटणारे गिअर पाच टन मागे लागले की वेगळेच वागतात.

कायद्याची बाजू गंभीर आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. अमेरिकेच्या १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानं प्रदूषण रोखणारी यंत्रणा निकामी करायला मनाई आहे. तरीही डिझेल पिकअपमधला काजळीचा फिल्टर कापून टाकणं आणि त्याची जाणीव संगणकातून पुसणं हा मोठा धंदा झाला. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं नोव्हेंबर २०२० मध्ये अंदाज मांडला की दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची ही यंत्रणा काढली गेली. ट्यूनिंगच्या नावाला लागलेला हा डाग आहे. त्या धुराचा त्रास मालकाला सोडून इतरांनाच जास्त होतो. कॅलिफोर्नियात ट्यून विकायचं तर राज्याच्या हवा मंडळाकडून ते प्रदूषण वाढवत नाही अशी मान्यता घ्यावी लागते, आणि जुलै २०२१ पासून तिथल्या धूर-तपासणीत संगणकातली फाइल मूळची आहे की बदललेली हेही बघतात. फाइलीतल्या सगळ्या आकड्यांवरून संगणक एक ताळ्याचा आकडा काढतो. एक कोष्टक हललं तरी तो बदलतो.

संगणकातल्या आकड्यांची ताकद आपल्याकडेही एकदा दिसली आहे. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या चाचणी ओळखून तेवढ्यापुरत्या स्वच्छ चालतात, हे २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झालं. त्यानंतर भारतातल्या गाड्यांची तपासणी झाली ती पुण्यात, वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत, आणि कंपनीनं देशातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावल्या.

अमेरिकेत आणखी एक वाद बरीच वर्षं चालला: ट्रक मालकाचा, पण त्यातल्या संगणकाची आज्ञावली कंपनीच्या प्रताधिकाराखाली. आज्ञावलीवरचं कुलूप तोडणं हा १९९८ च्या डिजिटल प्रताधिकार कायद्याचा भंग ठरू शकत होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसनं मोटारी आणि शेतीच्या ट्रॅक्टरांसाठी निदान, दुरुस्ती आणि कायदेशीर बदल यांना सूट दिली. शेतकऱ्यांच्या मागणीचा त्यात मोठा वाटा होता. वॉरंटीबद्दल १९७५ चा कायदा मालकाच्या बाजूनं आहे. बाहेरचा भाग बसवला एवढ्यावरून कंपनीला हात झटकता येत नाहीत. मात्र वाढवलेल्या टॉर्कनंच क्लच जळाला असेल तर तो खर्च मालकाच्याच अंगावर येतो, आणि तो सोसायची तयारी ट्यून घेण्याआधी हवी.

सूट मिळाली तरी कुलूप उघडून देण्याची सक्ती कंपन्यांवर नाही, आणि कुलपं पक्की होत चालली आहेत. २०१७ च्या नव्या डुरामॅक्सचा संगणक जनरल मोटर्सनं असा बंद केला की ट्यूनरांना तो बराच काळ उघडता आला नाही. शेवटी मार्ग निघाला तो जुन्या पद्धतीकडे नेणारा: सॉकेटमधून काम होत नाही, तर मालकानं संगणक ट्रकमधून काढायचा, खोक्यात बांधून कुरिअरनं पाठवायचा, आणि तो उघडून परत येईपर्यंत ट्रक दारात उभा ठेवायचा.